मेंदूच्या एमआरआयवर संशोधन करायचंय: डिप.आर.पी. करू की पीएचडी?

नांदेडहून एका मुलीने विचारलंय: "एमएस्सी फिजिक्स झालंय. मेंदूच्या स्कॅनवर, खास करून एमआरआयवर, संशोधन करायचं आहे आणि तेही हॉस्पिटलात राहून. बीएआरसीचा डिप.आर.पी. करू की सरळ पीएचडीला जाऊ? हॉस्पिटलात फिजिक्सवाल्यांना संशोधन करू देतात का, की आयुष्यभर मशीनच तपासत बसावं लागतं? घरचे म्हणतात, एवढं शिकून शेवटी टेक्निशियनच होणार. आणि नांदेडला राहून आत्ता काय सुरू करता येईल?" (डिप.आर.पी. म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राची, बीएआरसीची, रेडिओलॉजिकल फिजिक्समधली पदविका.)

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, 22 वर्षं झाली. पहिली 9 रेडिओथेरपीत, म्हणजे कॅन्सरवरच्या किरणोपचारात गेली, नंतरची इमेजिंगमध्ये, त्यामुळे दोन्ही घरचं मीठ खाल्लंय. प्रश्न चार दिसत असले तरी मला त्यातला दुसरा, मशीन तपासण्याचा, सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे तुमची एक समजूत चुकतेय, आणि ती चुकीची राहिली तर डिप.आर.पी. घेऊनही पस्तावाल आणि पीएचडी करूनही. पण आधी पहिल्याचं उत्तर देते, कारण पोटापाण्याचा प्रश्न तो आहे.

डिप.आर.पी. की पीएचडी, हे बरंचसं तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे आणि थोडं सरकारी नियमावर. नियम असा की आयनीकारक (एक्स-रे, गॅमा यांसारखी) किरणं वापरणाऱ्या सगळ्या यंत्रांवर एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. रेडिओथेरपी केंद्र चालवायचं तर मेडिकल फिजिसिस्ट आणि रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर असल्याशिवाय परवानाच मिळत नाही. म्हणून देशातले बहुतेक मेडिकल फिजिसिस्ट लिनॅकच्या, म्हणजे किरणोपचाराच्या मशीनच्या, आसपास सापडतात. एमआरआयमध्ये चुंबक असतो, रेडिओलहरी असतात, पण आयनीकारक किरणं नसतात. त्यामुळे ते एईआरबीच्या कक्षेतच येत नाही. काही कोटींचं मशीन घेणाऱ्या हॉस्पिटलवर फिजिसिस्ट नेमायची सक्ती नाही, आणि सक्ती नसेल तिथे आपल्याकडे पद निघत नाही. "एमआरआय फिजिसिस्ट पाहिजे" अशी जाहिरात मी इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली.

तर डिप.आर.पी. घेतलात की मुख्य दार रेडिओथेरपीचं उघडतं, हे गृहीत धरा. बीएआरसीचा हा कोर्स 1962 पासून चालू आहे, एका वर्षाचा असतो, प्रवेशपरीक्षा असते. नंतर सुसज्ज रेडिओथेरपी विभागात 12 महिने इंटर्नशिप आणि मग सेफ्टी ऑफिसरची परीक्षा. हे सगळं झालं की नोकरीसाठी फार वणवण करावी लागत नाही. घरी तुमच्या पगाराची वाट बघणारं कुणी असेल, धाकट्या भावाची फी असेल, तर मी डोळे झाकून हे सांगेन. त्यातून इमेजिंगकडे वळता येतं. आजकाल मेंदूच्या ट्यूमरचं प्लॅनिंग एमआरआय आणि पेट-सीटी बघितल्याशिवाय होत नाही, त्यामुळे रेडिओथेरपीतला फिजिसिस्ट रोज इमेजिंगच्या उंबऱ्यावर उभा असतो. मी तशीच आत शिरले. नोकरी सांभाळून पीएचडी केली, 7 वर्षं लागली, आणि त्यातली मधली 3 वर्षं आठवायलाही नको वाटतात.

उलट, घरचे पाच-सहा वर्षं थांबू शकत असतील आणि नेट किंवा गेट निघत असेल, तर सरळ पीएचडीला जा. 2023 पासून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, महिना 37,000 रुपये आहे. वसतिगृह मिळालं तर त्यात भागतं. मात्र जागा बघताना विद्यापीठाचं नाव बघू नका, स्कॅनर कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. बंगळुरूचं निम्हान्स, त्रिवेंद्रमचं श्री चित्रा तिरुनाल, लखनौचं सेंटर ऑफ बायोमेडिकल रिसर्च, दिल्लीच्या एम्सचा एनएमआर (एमआरआयच्या मुळाशी असलेलं तंत्र) विभाग: अशा ठिकाणी फिजिक्सवाला आणि डॉक्टर एकाच इमारतीत, नाहीतर निदान चालत जाता येईल इतक्या अंतरावर असतात. मुंबईत आयआयटीत इमेज प्रोसेसिंगचं काम उत्तम चालतं, पण तिथे पेशंट शेजारच्या खोलीत नसतो. ते कमी दर्जाचं असं मुळीच नाही. तुम्ही "हॉस्पिटलात राहून" म्हणालात म्हणून सांगते.

इथपर्यंतचं थोडक्यात: पगार लगेच हवा असेल तर डिप.आर.पी. आणि मागच्या दाराने इमेजिंग. सवड असेल तर स्कॅनरच्या जवळची पीएचडी.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की मशीन तपासणं ही हमाली आणि संशोधन म्हणजे काहीतरी वेगळं, वरच्या मजल्यावर चालणारं. या क्षेत्राची सुरुवात कशी झाली ते बघा. 1956 साली केपटाउनच्या ग्रूट स्क्यूर हॉस्पिटलला फिजिसिस्ट हवा होता, कारण किरणोत्सारी समस्थानिकांच्या वापरावर पात्र फिजिसिस्टची देखरेख हवी असा तिथला कायदा होता. विद्यापीठात शिकवणारे ॲलन कॉरमॅक आठवड्यातून दीड दिवस तिथे जाऊ लागले. शुद्ध देखरेखीचं काम. तिथे रेडिओथेरपीचं प्लॅनिंग बघताना त्यांच्या लक्षात आलं, की डोस काढताना सगळं शरीर एकसारखं धरलेलं आहे. हाड, फुप्फुस, स्नायू, सगळं पाण्यासारखं. बाहेरून किरण पाठवून आतल्या प्रत्येक ठिकाणचं शोषण काढता येईल का, हा प्रश्न त्यांना तिथे पडला. गणित त्यांनी केलं, आणि पुढच्या वर्षी लाकडाच्या कड्यात बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या गोल ठोकळ्यावर ते पडताळून पाहिलं. मधल्या तीन बिंदूंचा उतार बाकीच्यांपेक्षा जरा वेगळा आला. वर्कशॉपमध्ये चौकशी केली तेव्हा कळलं, ठोकळ्याच्या मधोमध जरा कमी शोषणाची ॲल्युमिनियमची खुंटी बसवलेली होती. कुणी सांगितलं नव्हतं, मोजमापाने सांगितलं. ते निबंध 1963 आणि 1964 मध्ये छापून आले आणि कुणी फारसं विचारलं नाही. मग 1971 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये इंग्रज इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या पेशंटच्या डोक्याचा सीटी झाला, आणि 1979 चं नोबेल दोघांना मिळालं.

ती खुंटी मला नेहमी आठवते. आपल्या कामात खुंटीच शोधायची असते.

माझाच एक प्रसंग सांगते, जरा सविस्तर, कारण तुमचं उत्तर त्यात आहे. मी तेव्हा ज्या केंद्रात होते तिथे 1.5 टेस्लाचं मशीन होतं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप). न्यूरोरेडिओलॉजीच्या मॅडम एका संध्याकाळी चहा घेताना म्हणाल्या, "या आठवड्यात ट्रॅक्टोग्राफीत कॉर्पस कॅलोसम जरा जास्तच छान दिसतोय." ही तक्रार नव्हती, आणि कौतुकही नव्हतं. कॉर्पस कॅलोसम म्हणजे मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा. त्याचे तंतू डावीकडून उजवीकडे आडवे जातात.

ट्रॅक्टोग्राफी म्हणजे एमआरआयवरून काढलेला मेंदूतल्या तंतूंचा नकाशा. ती चालते पाण्याच्या हालचालीवर. मेंदूतले पाण्याचे रेणू तंतूंच्या लांबीच्या दिशेने मोकळे सरकतात, आडवे अडतात. आपण चुंबकीय क्षेत्राला एका दिशेने उतार देतो, ग्रेडियंट म्हणतात त्याला, आणि त्या दिशेने रेणू जितके जास्त भटकतील तितका सिग्नल पडतो. सिग्नल किती पडला त्यावरून एडीसी नावाचा आकडा निघतो. स्ट्रोकच्या पहिल्या काही तासांत, सीटीवर काही दिसायच्या आधी, हाच आकडा खाली आलेला दिसतो. म्हणून रात्री दोन वाजता डॉक्टर डिफ्यूजन मागतात.

आता हा आकडा बरोबर आहे हे कशावरून? ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशी वस्तू मशीनमध्ये ठेवायची. पाणी त्यासाठी उत्तम, पण पाण्याचा एडीसी तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला साधारण दोन टक्क्यांहून जास्त. एसीच्या खोलीतली बाटली 20 अंशांवर आहे की 22, कोण सांगणार? म्हणून बर्फ. चुऱ्यात बुडवून ठेवलेलं पाणी 0 अंशालाच राहतं, थर्मामीटरची गरजच नाही. 0 अंशाला पाण्याचा एडीसी सेकंदाला 0.0011 चौरस मिलिमीटर. बी-व्हॅल्यू (ग्रेडियंटचा जोर किती लावला त्याचं माप) 1000 ठेवली तर घातांक येतो 1.1, आणि सिग्नल उरतो 0.333, म्हणजे तिसरा हिस्सा. मूळ 1000 असेल तर 333. इतकी सोयीची गोष्ट निसर्गात क्वचितच मिळते.

बर्फ आणला कोपऱ्यावरच्या रसवंतीतून. आमचे वॉर्डातले मामा गोणपाटात लादी घेऊन आले आणि हातात बर्फ फोडायचा लोखंडी टोचा घेऊन थेट मशीनच्या खोलीकडे निघाले. त्यांना दारात अडवलं तेव्हा माझ्या हाताला घाम फुटला होता. 2018 च्या जानेवारीत मुंबईतल्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण नातेवाईक दगावला, ते तुम्ही वाचलं असेल. चुंबक कधीच बंद नसतो, पेशंट आत नसला तरी. बर्फ बाहेर, जिन्यावर फोडला.

डब्यात चुरा, मधोमध शुद्ध पाण्याची नळी, तासभर थांबलो आणि हेड कॉइलमध्ये (डोक्याभोवती बसवतात त्या अँटेनात) ठेवून स्कॅन घेतला. ग्रेडियंट तीन दिशांनी वेगवेगळा लावला. वर-खाली: 333च्या आसपास. डोक्याकडून पायांकडे: तेच. डावी-उजवीकडे: 305.

नळीतल्या पाण्याला डावं-उजवं कळत नाही. म्हणजे दोष आमच्याकडे. 305 येण्यासाठी घातांक 1.1च्या जागी 1.19 हवा, साधारण 8 टक्के जास्त. बी-व्हॅल्यू ग्रेडियंटच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून 8 टक्क्यांसाठी ग्रेडियंट फक्त 4 टक्के चुकायला हवा. तसं असेल तर साध्या चित्रातही गोष्टी आडव्या 4 टक्के रुंद दिसल्या पाहिजेत. 190 मिलिमीटर व्यासाचा नेहमीचा फॅन्टम, म्हणजे तपासणीचा गोल डबा, काढला, मोजला. उभा 190, आडवा 197 च्या वर. डबा चक्क अंडाकृती झाला होता, आणि कुणाच्या नजरेला आला नव्हता, कारण रोजच्या तपासणीत फक्त सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर बघितलं जायचं. लांबी-रुंदी महिन्यातून एकदा, आणि ती तारीख अजून यायची होती. पाठोपाठ सर्व्हिसची नोंदवही उघडली. 11 दिवसांपूर्वी त्याच अक्षाचा ग्रेडियंट ॲम्प्लिफायर बदललेला होता आणि नंतरचं कॅलिब्रेशन अर्धवट सुटलं होतं.

मॅडमचा कॅलोसम "जास्त छान" का दिसत होता ते कळलं: आडवी हालचाल फुगवून मोजली जात होती. पण खरी भीती वेगळीच होती. मेंदूच्या मध्यापासून बाजूला 70 मिलिमीटरवर ट्यूमर असेल तर 4 टक्के म्हणजे 2.8 मिलिमीटर. रेडिओसर्जरीत, म्हणजे ट्यूमरवर नेमका किरणांचा मारा करताना, आम्ही एकेका मिलिमीटरसाठी भांडतो. नशिबाने प्लॅनची भूमिती सीटीवरून घेतात, एमआरआय त्यावर चढवतात. त्या 11 दिवसांतल्या दोन पेशंटचं चढवणं त्याच रात्री पुन्हा तपासलं. दोघांचेही ट्यूमर मध्याजवळ होते आणि उपचार सुरू व्हायचे होते. मला त्या रात्री झोप लागली ती पहाटे.

आता सांगा, ही मशीनची तपासणी होती की संशोधन? पुढे तीच नळी आम्ही दर महिन्याला दोन वेगवेगळ्या मशीनवर फिरवली. उपचाराआधीचा स्कॅन एका मशीनवर आणि नंतरचा दुसऱ्यावर झाला तर एडीसीतला किती बदल पेशंटचा आणि किती मशीनचा, हा माझ्या पीएचडीचा एक सबंध भाग झाला. ट्यूमरच्या पेशी मेल्या की पाणी मोकळं होतं आणि एडीसी वाढतो. डॉक्टरला औषध बदलायचं की चालू ठेवायचं ते ठरवायचं असतं, आणि 5 टक्क्यांची वाढ मशीनचीच असेल तर तो निर्णय बर्फावर उभा आहे.

फंक्शनल एमआरआयचं, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनचं, आकर्षण तुम्हाला असणार, सगळ्यांनाच असतं. रंगीत ठिपके असलेला मेंदू फार मोहात पाडतो. 1990 च्या सुमारास सेइजी ओगावा यांनी दाखवलं की रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलाने सिग्नल किंचित हलतो, आणि सगळं क्षेत्र त्यावर उभं राहिलं. "किंचित" हा शब्द महत्त्वाचा. नेहमीच्या मशीनवर हा बदल एक-दोन टक्क्यांच्या घरात असतो, आणि दहा मिनिटांत मशीन स्वतःच गरम होऊन तेवढं सरकू शकतं. 2009 मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि त्या माणसांना काय वाटत असेल असं विचारलं. 8064 पैकी 16 व्हॉक्सेल (चित्राचे घन ठिपके) "जागे" निघाले. मासा बाजारातून आणलेला होता. हजारो ठिकाणी एकाच वेळी चाचणी लावली की काही ठिकाणी योगायोगाने होकार येतोच, आणि त्याची दुरुस्ती केली की मासा पुन्हा मेला. थट्टेचा वाटणारा हा प्रयोग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. त्या संशोधकांना 2012 चं इग नोबेल, गमतीदार संशोधनाचं बक्षीस, मिळालं ते वेगळं.

फिजिक्सवाल्याची हॉस्पिटलातली जागा इथे आहे. रिपोर्ट डॉक्टर लिहितो, स्कॅन टेक्नॉलॉजिस्ट घेतो, आणि "हा आकडा कितपत खरा?" हे विचारणारं बहुतेक ठिकाणी कुणीच नसतं. विचारणारं नसलं की काय होतं ते सीटीत दिसलं आहे. लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या हॉस्पिटलात स्ट्रोकसाठीच्या सीटी पर्फ्यूजनची (मेंदूतला रक्तप्रवाह बघणाऱ्या सीटीची) सेटिंग बदलली गेली आणि 206 पेशंटना नेहमीच्या सुमारे आठपट डोस मिळाला. 2009 मध्ये उघडकीला येईपर्यंत 18 महिने गेले, आणि उघडकीला आलं तेही पेशंटचे केस पट्ट्यापट्ट्याने गळायला लागले म्हणून. डोसचा आकडा प्रत्येक वेळी कन्सोलवर उमटत होता.

अडचणीही सांगते, नाहीतर गुलाबी चित्र रंगवलं असं व्हायचं. दिवसा मशीन पेशंटचं असतं आणि हॉस्पिटलचं उत्पन्न त्यावर असतं. संशोधनाला वेळ मिळते रात्री साडेआठनंतर, तीही मध्ये अपघाताची केस आली नाही तर. एथिक्स कमिटीचे कागद फिरायला काही महिने लागतात; पेशंटच्या डेटाला हात लावायचा तर त्याला पर्याय नाही, आणि नसावाच. नाव-नंबर पुसले म्हणजे पेशंट ओळखू येत नाही असंही नाही. डोक्याच्या एमआरआयवरून चेहरा जसाच्या तसा उभा करता येतो, म्हणून डेटा बाहेर देताना चेहऱ्याचा भाग पुसावा लागतो. निरोगी स्वयंसेवकाच्या स्कॅनमध्ये अचानक गाठ दिसली तर त्याला कोण सांगणार, कसं सांगणार, हे आधी लिहून ठेवावं लागतं. आमच्याकडे एकदा तसं झालं होतं. स्वयंसेवक आमच्याच विभागातला होता. पुढे लिहीत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: तुम्हाला एक रेडिओलॉजिस्ट असा हवा की ज्याला प्रश्न पडतात. तो नसेल तर 3 टेस्लाचं नवंकोरं मशीन असूनही काही होणार नाही. फ्रान्समधल्या साक्ले इथे 11.7 टेस्लाचं, 132 टन चुंबकाचं मशीन आहे. 2024 मध्ये त्यांनी 4 मिनिटांत 0.2 मिलिमीटर बारकाईची मेंदूची चित्रं दाखवली. बघून मीही हरखले. पण ते उभं करायला सुमारे वीस वर्षं लागली, आणि आपल्या वाट्याला येणार आहे ते तालुक्याच्या गावात धूळ आणि व्होल्टेजचे झटके खात दिवसाला 30 पेशंट काढणारं 1.5 टेस्लाचं मशीन. त्यावरचे प्रश्न साक्लेत कुणी सोडवणार नाही.

घरच्यांचं म्हणणं. त्यांना फरक समजावून सांगा: टेक्नॉलॉजिस्ट पेशंटला टेबलवर घेऊन स्कॅन करतो, फिजिसिस्ट त्या स्कॅनच्या मोजमापाची जबाबदारी घेतो. पण "शेवटी टेक्निशियनच" यातला "च" तुम्ही मात्र मनात ठेवू नका. मला एमआरआय जितका पुस्तकांनी शिकवला तितकाच आमच्या रात्रपाळीच्या टेक्नॉलॉजिस्टने शिकवला. घाबरलेल्या पेशंटला न हलता सहा मिनिटं कसं ठेवायचं, झिपरसारखी रेघ चित्रात उमटली की आधी दाराच्या कडेच्या तांब्याच्या पट्ट्या आणि नवीन लावलेला एलईडी दिवा का बघायचा, हे त्याला माहीत होतं. मला गणित माहीत होतं. पहिल्या वर्षी त्याच्याशी तोऱ्यात वागलात तर रात्री साडेआठची वेळ विसरा.

एक बाजूची गोष्ट, तुम्ही फिजिक्सच्या म्हणून. मेंदूच्या एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत गाठीतलं रसायन शिखरांवरून ओळखतात. त्याच्या मुळाशी 1951 चा स्टॅनफर्डचा एक प्रयोग आहे: इथेनॉलच्या प्रोटॉन सिग्नलची तीन वेगळी शिखरं दिसली. त्या निबंधावरच्या तीन नावांतलं एक धर्मट्टी. हे एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आले आणि त्यांनी तिथे एनएमआरचं काम उभं केलं. कुलाब्याला कधी गेलात तर आठवण ठेवा.

राहिला नांदेडचा प्रश्न. मशीन नसताना करण्यासारखं बरंच आहे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नसेल तर शिका. नुसतं कोर्सचं प्रमाणपत्र नको, स्वतः काहीतरी मोजा. ओपनन्यूरो या वेबसाइटवर मेंदूचे स्कॅन फुकट मिळतात. एफएसएल, फ्रीसर्फर, डिपाय ही सॉफ्टवेअरही फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर रडतखडत चालतात. एकच डिफ्यूजनचा डेटा घ्या आणि एडीसीचा नकाशा सॉफ्टवेअरने न काढता हाताने काढा: बी शून्यचं चित्र भागिले बी हजारचं (सगळ्या दिशांची सरासरी घेतलेलं) चित्र, त्याचा नैसर्गिक लॉग, भागिले हजार. मेंदूच्या पांढऱ्या भागात 0.0007 ते 0.0008 आणि पाणी भरलेल्या पोकळ्यांत 0.003 च्या आसपास आलं तर तुम्ही बरोबर आहात. नाही आलं तर का नाही, हे शोधण्यात दोन आठवडे घालवा. मुलाखतीत मी या दोन आठवड्यांबद्दलच विचारेन.

आणि गावातल्या एखाद्या एमआरआय सेंटरमध्ये जा. आधी रेडिओलॉजिस्टना भेटा, दोन ओळींचा अर्ज द्या, संध्याकाळची शेवटची केस झाल्यावर 15 मिनिटं मागा. पेशंटचा डेटा मागू नका, बाटली स्कॅन करायची आहे म्हणा. बाटलीला कुणी सहसा नाही म्हणत नाही. बाटली प्लास्टिकची घ्या, काठोकाठ भरा, झाकणाखाली बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर चित्राला तिथे खड्डा पडतो. डबा गळका नको. कॉइलमध्ये पाणी गेलं तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. बर्फ घरूनच फोडून न्या. तिन्ही दिशांचे आकडे वेगवेगळे मागून घ्या, सरासरी नको, आणि 333 आले की नाही ते मला कळवा.